वाचकांचे प्रश्न : होडीतून महेश्वर आणि सहस्रधारा

अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्यांच्या राजधानीला, मध्य प्रदेशातील नर्मदाकाठच्या महेश्वरला, जाऊन येण्याची इच्छा अनेक वाचकांनी पत्रांतून कळवली आणि त्यांतील बहुतेक पत्रांत एक प्रश्न समान होता : नर्मदेच्या पात्रातून होडीने सहस्रधारेपर्यंत, म्हणजे नदी कातळातून असंख्य धारांत वाहते त्या जागेपर्यंत, जावे का, आणि जायचे झाल्यास कसे व केव्हा? निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सत्तरीच्या उंबरठ्यावर असून नाशिकहून स्वतःच्या गाडीने महेश्वरला जाणार आहोत. सहस्रधारेपर्यंत गाडीरस्ता आहे असे समजले. मग होडीचा खटाटोप करावा का? पत्नीचे गुडघे दुखतात. कोणता महिना योग्य ठरेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाशिकहून धुळे, शिरपूर, सेंधवा असा मुंबई-आग्रा महामार्ग धरावा. खलघाटच्या पुलावर नर्मदा ओलांडली की थोड्याच अंतरावर धामणोद लागते आणि तेथून उजवीकडे वळल्यावर साधारण तेरा किलोमीटरवर महेश्वर आहे. नाशिकपासूनचा हा प्रवास साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतो. तो एका दिवसात संपवून त्याच संध्याकाळी घाटावर धावत जाण्यापेक्षा रात्री विश्रांती घ्यावी आणि नदी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावी. रेल्वेने येणाऱ्यांना इंदूर किंवा खंडवा येथे उतरून पुढे रस्त्यानेच यावे लागते. इंदूरपासून महेश्वर नव्वदेक किलोमीटर आहे.

आता होडीविषयी. सहस्रधारा महेश्वरच्या पश्चिमेला, म्हणजे नदीच्या प्रवाहाच्या दिशेने, पाचेक किलोमीटरवर जलकोटी गावाजवळ आहे आणि तेथपर्यंत गाडी जाते, हे आपण ऐकले ते बरोबर आहे. तरीही दोघांची प्रकृती मानवत असेल तर होडीनेच जावे, असे मी आग्रहाने सांगेन. महेश्वरचा दर्शनी भाग रस्त्याकडे नाही, नदीकडे आहे. बाजारातून चालत किल्ल्यात शिरणाऱ्याला एक दरवाजा, काही वळणे आणि एक साधा वाडा दिसतो. होडीतून पाहणाऱ्याला मात्र पाण्यातून वर चढत गेलेल्या पायऱ्या, त्यांच्यावरचे बुरूज, छत्र्यांची म्हणजे समाधीस्मारकांची शिखरे आणि सर्वांत वर किल्ल्याचे सज्जे असे सारे एकावर एक रचलेले एकाच दृष्टिक्षेपात येते. ज्यांनी हे घाट बांधले त्यांनी ते नदीवरून येणाऱ्याच्या डोळ्यांसाठी बांधले, हे होडी काठापासून शंभर हात दूर गेली की आपोआप कळते. सहस्रधारेकडे निघालेल्या होडीत उजव्या बाजूला बसावे, म्हणजे किल्ला आणि घाट समोर राहतात.

गुडघ्यांचा त्रास होडीत होत नाही, होडीपर्यंत पोहोचताना होतो. किल्ल्यातून घाटाकडे उतरणाऱ्या पायऱ्या पुष्कळ आहेत आणि काही ठिकाणी उंच आहेत. त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी आधीच विचारून, गाडी घाटाच्या जास्तीत जास्त जवळ नेता येईल अशी वाट धरावी. होडी ठरवताना नावाड्याला स्पष्ट सांगावे की चढण्यासाठी रुंद आणि कोरडी पायरी हवी. घाटावरचे नावाडी ही विनंती मानतात, होडी त्या पायरीला टेकवतात आणि हाताला धरून आत घेतात. सहस्रधारेजवळ उतरल्यावर मात्र उंचसखल कातळावरून चालावे लागते. तेथे आपल्या पत्नीने काठावरूनच पाहावे, किंवा चालणे अगदीच अशक्य वाटल्यास होडीने फक्त घाट आणि पात्रातल्या खडकावरचे बाणेश्वराचे मंदिर पाहून यावे आणि सहस्रधारेला गाडीने जावे. जलकोटीच्या बाजूला एकमुखी दत्ताचे मंदिर आहे. तेथे जाणारा मराठी भाविकांचा ओघ मोठा असल्याने सोबतीला आणि चौकशीला आपली माणसे भेटतात.

महिना निवडायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये पाणी भरपूर असते, परंतु पाऊस लांबला तर कातळ पाण्याखालीच राहतो आणि धारा दिसण्याची खात्री नसते. निमाडचा, म्हणजे महेश्वरच्या परिसराचा, उन्हाळा कडक असून एप्रिलनंतर तेथला काळा कातळ तापून उठतो. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते. त्या दिवशी घाट दिव्यांनी उजळून निघतो, पण गर्दीही तितकीच असते, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी तो दिवस टाळून आगेमागे जावे.

प्रश्न : १५ ऑगस्टला जोडून सुट्ट्या आहेत. धबधबा पावसाळ्यातच पाहावा असे म्हणतात. आम्ही सहा मित्र पुण्याहून येणार आहोत. होडीचे आगाऊ आरक्षण करता येते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आरक्षणाचा प्रश्न बाजूला ठेवून मी आपल्याला वेगळीच विनंती करतो : सहस्रधारा पाहण्यासाठी ऑगस्टमध्ये जाऊ नका. सह्याद्रीतल्या धबधब्यांची आपल्याला जी सवय आहे ती येथे नेमकी उलट लागू पडते. आपल्याकडचे धबधबे पावसात जन्माला येतात आणि दिवाळीनंतर आटतात. सहस्रधारा पावसात नाहीशी होते आणि पाणी उतरल्यावर प्रकट होते. येथे नदी कड्यावरून कोसळत नाही. जबलपूरजवळच्या भेडाघाटला धुआंधारमध्ये हीच नर्मदा एका झेपेत खाली जाते, तसे दृश्य येथे शोधू नये. येथे पात्राच्या आडवा काळा कातळ पसरला आहे, ज्या दख्खनच्या बसाल्टातून आपले सह्याद्रीचे कडे घडले त्याच जातीचा, आणि त्या कातळाच्या फटींतून, घळींतून, उंचवट्यांच्या बगलेतून नदी असंख्य लहानमोठ्या प्रवाहांत वाटली जाते. उंची थोडी आणि रुंदी अफाट, हे या जागेचे रूप आहे. पूर आला की तो सगळा कातळ पाण्याखाली जातो आणि उरते ते केवळ एकसंध, गढूळ, भोवरे असलेले पाणी.

मी स्वतः एकदा श्रावणात ही चूक केली आहे. घाटावर पोहोचलो तेव्हा खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या आणि होड्या दोरांनी वर बांधून ठेवलेल्या होत्या. मी दुप्पट भाडे देऊ केले. एका वयस्क नावाड्याने उत्तर न देता मला घाटाच्या कडेला नेले, पाण्याच्या रेषेला लागून असलेल्या पायरीवर बोट ठेवले आणि तेथे थांबायला सांगितले. आम्ही दोघे बोलत उभे होतो. तेवढ्या वेळात ती पायरी ओली झाली आणि मग दिसेनाशी झाली. “वरून पाणी सोडले आहे,” एवढेच तो म्हणाला आणि दोर आणखी एक कडी वर बांधायला निघून गेला. मी गाडीने जलकोटीला जाऊन पाहिले, तर जेथे धारा असायला हव्या होत्या तेथे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तांबूस पाणी धावत होते.

त्या नावाड्याचे वाक्य पावसाळ्यापुरते मर्यादित नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. महेश्वरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर ओंकारेश्वरचे आणि त्याच्याही वर पुनासा येथे इंदिरा सागरचे धरण आहे. वीजनिर्मितीसाठी किंवा साठा कमी करण्यासाठी तेथून पाणी सोडले की आकाश निरभ्र असतानाही खालच्या पात्रातील पातळी वाढते. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या स्नानासाठी जमलेल्या यात्रेकरूंवर असेच वरून सोडलेले पाणी आले आणि साठांहून अधिक माणसे वाहून गेली. तो दिवस भर उन्हाळ्यातला होता. तेव्हा नावाडी किंवा काठावरचे गावकरी “आता कातळावरून परत फिरा” असे म्हणतील तेव्हा छायाचित्र अर्धवट सोडून परत फिरावे. वाद घालू नये.

आपण सहा जण तरुण आहात असे पत्रावरून वाटते, म्हणून आणखी एक गोष्ट. सहस्रधारेच्या प्रवाहात पोहण्याचा किंवा धारेखाली बसण्याचा मोह धरू नये. २०२३ च्या आरंभी मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील कॅनो स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या प्रवाहातून छोटी होडी वल्हवण्याच्या, शर्यती महेश्वरला याच पाण्यात झाल्या होत्या. ज्या प्रवाहात शिरस्त्राण आणि जीवरक्षक जाकीट घातलेले खेळाडू वर्षानुवर्षांच्या सरावानंतर उतरतात, तेथे घोटाभर वाटणाऱ्या पाण्याचा जोर किती असेल याचा अंदाज यावरून बांधता येईल. शिवाय कातळावर शेवाळाचा थर असतो आणि दोन धारांमधल्या घळी वरून उथळ दिसल्या तरी आत खोल असतात. आपल्या सुट्ट्या ऑगस्टमध्येच असतील तर महेश्वर आणि मांडू असा बेत करावा. पावसातले मांडू पाहण्यासारखे असते, आणि रूपमतीच्या मंडपातून हवा स्वच्छ असली तर दूरवर नर्मदेची रेघ दिसते. सहस्रधारेसाठी डिसेंबरात पुन्हा यावे.

प्रश्न : यंदा पायी नर्मदा परिक्रमेचा संकल्प आहे. महेश्वरला मुक्काम असताना होडीने सहस्रधारा पाहिली तर परिक्रमेच्या नियमात बसते का? होडी नदी ओलांडत नाही, फक्त काठाने जाते, असे एकाने सांगितले.
– एक वाचक, सांगली

उत्तर : बसत नाही. परिक्रमावासीने नर्मदामाई सतत उजव्या हाताला ठेवावी आणि समुद्रसंगमावरचा टप्पा सोडला तर तिचे पात्र ओलांडू नये, हा परंपरेचा मूळ नियम आहे. होडी काठाने जाणार असली तरी ती पात्रात शिरते, अनेकदा मधल्या खडकांना वळसा घालते आणि बाणेश्वराच्या बेटाला तर प्रदक्षिणाच होते. तेव्हा पाणी उजव्या हाताला राहिले असे म्हणणे हे स्वतःची समजूत घालण्यासारखे आहे. आपण संकल्प केला आहे, तर तो या एका मोहासाठी सैल करू नये.

त्याची गरजही पडणार नाही. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालेला परिक्रमावासी पश्चिमेकडे समुद्रापर्यंत जातो आणि उत्तर तटाने पूर्वेकडे परततो. महेश्वर उत्तर तटावर आहे. म्हणजे खलघाटच्या बाजूने चालत येताना आपल्याला आधी जलकोटी आणि सहस्रधारा लागेल आणि नंतर महेश्वर. पर्यटक गावातून होडीने ज्या जागेकडे जातात, ती आपल्या पायवाटेवरच येते, आणि तीही सकाळच्या वेळी गाठता आली तर गर्दी होण्याआधी. धारांचा आवाज आधी ऐकू येतो आणि मग कातळ दिसतो, हा क्रम पायी येणाऱ्याच्याच वाट्याला येतो. परिक्रमा पूर्ण झाल्यावर, संकल्प सोडल्यानंतर, सवडीने होडीत बसावे.

प्रश्न : सहस्रार्जुनाने हजार हातांनी नर्मदा अडवली म्हणून सहस्रधारा, ही कथा मी वर्गात सांगते. महेश्वर म्हणजेच प्राचीन माहिष्मती, हे इतिहासाने सिद्ध झाले आहे का? विद्यार्थ्यांना काय सांगावे?
– एक शिक्षिका, जळगाव

उत्तर : कथा सांगत राहावी, ती फार सुंदर आहे. हैहय कुळातील कार्तवीर्य अर्जुन, ज्याला हजार बाहूंमुळे सहस्रार्जुन म्हणतात, आपल्या राण्यांसह नर्मदेत जलक्रीडा करीत असताना त्याने हातांनी प्रवाह रोखला. पाणी उलट फिरले आणि काठावर शिवपूजा करीत बसलेल्या रावणाची पूजा वाहून गेली. रावण चालून आला, पराभूत झाला आणि बंदी झाला. बाहूंमधून निसटलेल्या धारा त्या या सहस्रधारा, असे स्थानिक लोक सांगतात. महेश्वरात सहस्रार्जुनाच्या स्मृतीशी जोडलेले राजराजेश्वर मंदिर आहे, तेथे तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात. वर्गात ही कथा सांगताना एक गोष्ट जरूर जोडावी : नदीला अडवणे म्हणजे तिचे पाणी कोणाच्या तरी अंगणात शिरणे, हे त्या कथेच्या रचणाऱ्याला ठाऊक होते. नर्मदेच्या खोऱ्यातल्या मुलांना हे वेगळे समजवावे लागत नाही. जळगावच्या मुलांनाही तापी आणि तिच्यावरच्या हतनूर धरणामुळे ते समजेल.

माहिष्मतीविषयी मात्र “सिद्ध झाले” असा शब्द वापरू नये. महाभारत आणि पुराणे माहिष्मती नर्मदेच्या काठी असल्याचे सांगतात आणि बहुसंख्य अभ्यासक ती महेश्वरच्या जागी मानतात. काहींनी मात्र ओंकार मांधाता, म्हणजे आजचे ओंकारेश्वर, हे स्थान सुचवले आहे. आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाचे स्थळही परंपरेने माहिष्मतीच मानले जाते, आणि त्यावर महेश्वरपासून आठेक किलोमीटरवरील मंडलेश्वरही आपला हक्क सांगते. विद्यार्थ्यांना तिन्ही गावे नकाशावर दाखवावीत आणि नदीच्या एकाच पट्ट्यात इतक्या स्मृती का एकवटल्या असतील, असे विचारावे. माझे स्वतःचे मत असे आहे की याचे उत्तर पात्रातच मिळते. डोह, खडक आणि उतार यांच्या जागा जेथे जवळजवळ आहेत, तेथे माणसे थांबतात, उतरतात, देव मांडतात आणि गाव वसते. घाटापासून सहस्रधारेपर्यंत होडीतून जाताना पाण्याचा रंग आणि वेग ज्या प्रकारे बदलत जातो, ते पाहिले की हा विचार पुस्तकी वाटत नाही. घाटासमोर पाणी संथ आणि हिरवट असते, होडीचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. पुढे पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या दिसू लागतात, मग खडकांची काळी डोकी वर येतात. नावाडी यंत्र बंद करून होडी बांबूने काठाकडे रेटू लागतो, आणि त्या शांततेत लांबून धारांचा घोष येतो. त्याच्या पुढे होडी जात नाही. धारांमध्ये होडी नेण्याची गळ कोणीही घालू नये.

प्रश्न : आमच्याकडे दीड दिवस आहे. किल्ला, घाट, होडी, सहस्रधारा आणि माहेश्वरी साडीची खरेदी, हे सारे कसे बसवावे? अहिल्याबाईंचा राजवाडा फारसा मोठा नाही असे ऐकून मुले आत्तापासूनच नाराज आहेत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलांची नाराजी मी समजू शकतो, परंतु त्याच गोष्टीविषयी त्यांच्याशी आधी बोलून ठेवावे. चौंडीत ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पाठोपाठ मुलगा मालेराव गेला, आणि १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांनी या वाड्यातून राज्य चालवले. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशा ठिकाणी ज्यांच्या खजिन्यातून मंदिरे उभी राहिली, त्यांची स्वतःची बसण्याची जागा म्हणजे एक पांढरी गादी आणि लोड. ती राजगादी पाहताना मुलांना एवढेच विचारावे की पैसा होता, मग तो येथे का दिसत नाही? त्यानंतर त्यांना घाटाच्या कठड्यापाशी न्यावे. पैसा कोठे गेला, ते तेथे पायऱ्यांत दिसते. ही राजधानी पुढे फार काळ राहिली नाही. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. त्यानंतर होळकरांचा कारभार इंदूरला गेला. गाव मागे पडले, आणि कदाचित म्हणूनच घाटांचे रूप फारसे न बिघडता आपल्यापर्यंत आले.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचत असाल तर त्या दिवशी फक्त घाट करावा. उतरताना दोन छत्र्या लागतात. अहिल्याबाईंच्या स्मरणार्थ बांधलेल्या छत्रीला अहिल्येश्वर म्हणतात. तिच्या समोरच्या बाजूला विठोजी होळकरांची छत्री आहे. विठोजी हे यशवंतरावांचे बंधू. १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या आज्ञेने त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले, आणि या छत्रीच्या जोत्यावर हत्तींचीच ओळ कोरलेली आहे. तेथे थोडे थांबावे. मराठी माणसाने मराठी माणसाला दिलेल्या त्या मरणाची आठवण नर्मदेच्या काठी इतक्या शांतपणे कोरून ठेवलेली पाहिली की मन गलबलून येते. सूर्य कलला की अर्ध्या तासाची छोटी फेरी घेऊन बाणेश्वराला जावे. नदीच्या ऐन पात्रात एका खडकावर उभे असलेले हे लहानसे शिवमंदिर पृथ्वीचा मध्य आणि ध्रुवतारा यांना जोडणाऱ्या रेषेवर आहे, अशी श्रद्धा आहे. तेथून मागे वळून संध्याकाळचा किल्ला पाहावा, अंधार पडण्याआधी घाटावर परतावे आणि आरतीला थांबावे. द्रोणात दिवा सोडायचा असेल तर तो पानाच्या द्रोणातच सोडावा, प्लॅस्टिकच्या किंवा थर्माकोलच्या वाटीत सोडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यातील देवघराजवळ लिंगार्चन चालते. काळ्या मातीची बोटाच्या पेरापेक्षाही लहान शिवलिंगे लाकडी पाटांवर ओळींनी मांडली जातात, त्यांची पूजा होते आणि मग ती नर्मदेत विसर्जित केली जातात. अहिल्याबाईंच्या काळापासून हा परिपाठ चालू आहे. तेथे आवाज न करता कडेला उभे राहावे. माती वळणारी बोटे किती वेगाने चालतात, ते पाहताना मुले आपोआप गप्प होतात. त्यानंतर सहस्रधारेकडे निघावे. जाणे, येणे आणि तेथे थांबणे मिळून अडीच-तीन तास हाताशी ठेवावेत.

साडीची खरेदी शेवटी करावी आणि ती शक्यतो माग चालू असलेल्या जागी करावी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रेहवा संस्थेने येथील हातमागाला पुन्हा उभारी दिली, तिचे माग आणि गावातील इतर विणकरांची घरे पाहता येतात. ताणा (उभे धागे) रेशमी आणि बाणा (आडवे धागे) सुती असे पातळ, हलके पोत आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा उलटासुलटा सारखाच दिसणारा काठ, ही माहेश्वरीची मुख्य ओळख आहे. चटई, वीट, लहर, हिरा अशी काठांची नावे ऐकली की सकाळी पाहिलेला घाट आठवतो, कारण हे नमुने किल्ल्याच्या नक्षीतून आणि पाण्याच्या लाटांतून घेतले असे विणकर सांगतात. होडीनंतर खरेदी करावी, असे मी म्हणतो ते यासाठीच.

प्रश्न : आम्ही बंगळुरूहून दोन लहान मुलांना घेऊन येणार आहोत. होडीचे भाडे कसे ठरवावे, आणि जीवरक्षक जाकिटे मिळतात का? एका ठिकाणी आमच्याकडून ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले गेले होते, म्हणून विचारतो.
– एक वाचक, बंगळुरू

उत्तर : भाडे माणशी न ठरवता संपूर्ण होडीचे ठरवावे, आणि ठरवताना चार गोष्टी एकाच वेळी बोलून घ्याव्यात : कोठपर्यंत जायचे, तेथे किती वेळ थांबायचे, बाणेश्वराला थांबा धरला आहे का, आणि परत याच घाटावर सोडणार का. वाद बहुधा थांबण्याच्या वेळेवरून होतो, अंतरावरून क्वचितच. दोघातिघांकडे विचारून मगच ठरवावे, पण एकदा शब्द दिल्यावर दुसऱ्या नावाड्याशी घासाघीस करू नये. या लोकांचा हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि पुराच्या दिवसांत होड्या बांधून ठेवाव्या लागतात, हेही ध्यानात असू द्यावे.

जाकिटे होडीत आहेत का हे विचारू नका, ती दाखवायला सांगा आणि मुलांच्या अंगाला बसतात का ते घाटावरच घालून पाहा. मोठ्यांच्या मापाचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते आणि त्याचा काही उपयोग होत नाही. मापाचे मिळत नसेल तर आपल्यासोबत घेऊन यावे. सामानात ते फारशी जागा घेत नाही. मुलांना होडीच्या मधल्या फळीवर बसवावे, पाण्यात हात घालण्यासाठी एका बाजूला झुकू देऊ नये, आणि सहस्रधारेच्या कातळावर त्यांचा हात एका मोठ्या माणसाने सतत धरून ठेवावा. त्यासाठी दोन मुलांमागे दोन मोठी माणसे मोकळ्या हातांनी असायला हवीत, म्हणून पिशव्या आणि कॅमेरा नावाड्याजवळ होडीतच ठेवावा. पायात रबरी तळाचे, मागून बांधलेले सँडल असावेत. साध्या चपला शेवाळावर सरकतात आणि धारेत गेल्या तर परत मिळत नाहीत. होडी सुटताना नावाडी “नर्मदे हर” म्हणतो, तेव्हा मुलांनाही म्हणायला सांगावे. त्याला बरे वाटते, आणि पुढचा सगळा वेळ तो त्यांच्याकडे लक्ष ठेवतो, असा माझा अनुभव आहे.